जानकाक्काच्या पाच फांद्या

आमच्या स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. मागच्या खिडकीखाली रिकाम्या कुंड्या साठतात ना, तसेच. ठेवायच्या कुणाला नसतात, पण टाकूनही कुणी देत नाही. मी रामनगरच्या एका शाळेतला सायन्सचा मास्तर, रिटायरमेंटला चार वर्षं राहिलेला. ह्यातले निम्मे किस्से माझ्यावरचे आहेत आणि उरलेले माझ्यामुळे घडलेले.

विषय एकच, अडेनियम. खाली फुगलेला गड्डा, वर चार फांद्या, टोकाला फुलं. इंग्रजीत त्याला डेझर्ट रोज म्हणतात. बेळगावच्या एका प्रदर्शनातून मी पहिलं झाड आणलं आणि वर्षभरात सगळ्या स्टाफला ही खाज लावली.

हे किस्से मी रंगवून सांगतो. एक सोडून. तो जानकाक्काच्या झाडाचा आहे. जानकाक्का म्हणजे आमच्या शाळेत मुलांचा दुपारचा स्वयंपाक करणारी बाई. तिला मला एक कुंडी द्यायची आहे आणि एक खरी गोष्ट सांगायची आहे. ते अजून झालेलं नाही. म्हणून आधी दुसरे सांगतो.

*

पहिलं झाड मी शाळेत दाखवायला नेलं तेव्हा जुलै होता. आमच्या जोयडा तालुक्यात जुलैमध्ये वाळत घातलेला टॉवेल वाळतो तो दसऱ्याला. तेव्हाचे हेडमास्तर विजापूरकडचे. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली.

"वाळवंटातलं झाड म्हणता?"

"होय सर."

"मग ह्याची जोयड्याला बदली कुणी केली? काय गुन्हा केला हुता बिचाऱ्यानं?"

त्या दिवसापासून त्यांची आणि झाडाची दोस्ती झाली. रोज सकाळी सही करायच्या आधी झाडाजवळ जाऊन "काय, ऑर्डर आली काय?" असं विचारायचे. नोव्हेंबरमध्ये त्यांची ऑर्डर आली. झाड इथंच राहिलं.

*

आमचे पी.टी.चे पाटील सर. त्यांनी हौसेनं एक झाड नेलं आणि आठवड्याभरात कबड्डीची टीम घेऊन दहा दिवस बाहेरगावी गेले. जाताना आईला सांगून गेले, "आई, ह्ये डेझर्ट रोज. ह्येच्याकडं लक्ष ठेव."

परत आले तर गड्डा पिकल्या पपईसारखा मऊ. बोट लावलं की आत जात होतं. आईच उलट रागावल्या. "तूच म्हनलास न्हवं, रोज म्हणून? मी तर दोन टाइम घातलंय."

इथपर्यंत सगळे हसतात. पुढचं मी सहसा सांगत नाही. पाटील सरांनी मला घरी बोलावलं होतं, झाड वाचतंय का बघायला. झाड मेलेलंच होतं. पण आलोच आहे तर म्हणून मी त्या सत्तरीच्या बाईंना पाणी कमी घालण्याची कला ह्या विषयावर पंधरा मिनिटं ऐकवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमच्या घरात पाणी कोण भरतंय?"

आमच्या घरात पाणी सुनंदा भरते. लग्न झाल्यापासून तीच भरते.

*

अडेनियमला पावसाळ्यात कोरडी जागा लागते. आमच्या शाळेत न गळणारी खोली एकच, ती म्हणजे सायन्स लॅब. मी लॅबच्या टेबलांवर एकवीस कुंड्या मांडल्या आणि आठवीचा वर्ग व्हरांड्यात घ्यायला लागलो. मुलांना सांगितलं, हवेशीर जागेत अभ्यास चांगला होतो.

एक दिवस न सांगता इन्स्पेक्शन आलं. साहेबांनी लॅबमध्ये येऊन कन्नडमध्ये विचारलं, हे काय? मी म्हटलं, प्रयोग आहे सर, जास्त पावसाच्या प्रदेशात वाळवंटी झाडं कशी तग धरतात त्याचा. साहेब खूश झाले. वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग बाहेर आले. व्हरांड्यात आठवीची मुलं गोणपाटावर बसलेली, एका बाजूनं पावसाची झड येतेय, त्या बाजूची मुलं दप्तर डोक्यावर धरून बसलेली.

साहेबांनी तितक्याच कौतुकानं विचारलं, "आणि हा कुठला प्रयोग?"

हा किस्सा निघाला की पाटील सर टेबलावर थापा मारून हसतात. मीही हसतो. पण त्या आठवड्यात आठवीची हजेरी मीच घेत होतो. तापानं किती मुलं आली नव्हती ते मला माहीत आहे.

*

आता छाटणी. अडेनियमची फांदी कापली की त्या जागी दोन-तीन नवीन फुटतात, झाड भरतं, फुलं वाढतात. हे मी सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं की माझं नाव कात्री सर पडलं. कुणाच्याही घरी चहाला गेलो की खिशात कात्री असायचीच. यजमान चहा आणायला आत गेले की मी एखादी फांदी उडवायचो. विचारायची सवय नव्हती.

त्याचा चीक विषारी असतो. म्हणून एका रविवारी सकाळी मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठ्या अक्षरात सूचना टाकली, 'हातमोजे घातल्याशिवाय कुणीही छाटणी करू नये.' दुपारी हातमोज्याशिवाय छाटणी केली आणि त्याच हातानं डोळा पुसला.

डॉक्टरांनी विचारलं, काय लागलं? मी म्हटलं, गुलाब.

"काटा गेला काय आत?"

"ह्या गुलाबाला काटे नसतात."

डॉक्टरांनी बॅटरी दुसऱ्या डोळ्यात मारली, मग तोंड उघडायला लावून तिथंही मारली. संध्याकाळी कन्नड शिकवणाऱ्या नाईक मॅडमनी माझीच सूचना मला परत फॉरवर्ड केली. खाली एक शब्द लिहिला नव्हता. वर्गात मी सांगितलं की मधमाशी चावली.

*

जानकाक्का बाजारकुणंगकडची. तिची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या कडेला भात आणि कंद लावत आलेली. कोनाचे हातभर लांब गड्डे ती दरवर्षी खणून झाल्यावर आमच्या घरी आणून देते. कोन म्हणजे आमच्याकडचा मोठा कंद, उकडून खातात.

एक दिवस भाताचं पातेलं उतरवून ती स्टाफरूमच्या खिडकीशी आली आणि माझ्या कुंडीकडे बघत राहिली. "सर, गड्डा मातीच्या वर का काडून ठेवलाय? सुम्ने?"

म्हणजे उगीच का, असं विचारत होती. पण मला वाटलं, झालं, ही आता हा शिजवणार. सगळ्या स्टाफसमोर मी तिला समजावायला लागलो. हा खायचा कंद नाही, विषारी आहे, तुमच्याकडं गड्डा दिसला की चुलीवर चढवतात, तसं करू नका, पोरांना हात लावू देऊ नका.

तिनं पदराला हात पुसले.

"सर, कुटला गड्डा खायाचा आन कुटला न्हाई, ह्ये आमची पोरं चालायच्या आदी शिकत्यात. ह्येला तर गुरं बी तोंड लावायची न्हाईत."

नाईक मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. माझी फजिती झाकायला म्हणून मी टाकून द्यायला काढलेलं एक मरतुकडं रोप उचललं आणि उपकार केल्यासारखं तिच्या हातात दिलं. "घे आक्का, तुला देतो."

*

दोन वर्षांनी ते रोप फुललं. एप्रिलमध्ये आम्ही सगळे मुद्दाम बघायला गेलो. तिनं नदीची वाळू, चुलीतला कोळसा आणि फुटकी कौलं घालून ते वळचणीखाली ठेवलं होतं. वर उन्हं येतील पण थेंब पडणार नाही अशी जागा तिनं बरोबर हेरली होती. गड्डा माझ्या कुठल्याही झाडापेक्षा दणकट. आणि फूल पिकल्या जांभळाच्या रंगाचं, पाकळ्यांचे तीन थर. बियांपासून आलेल्या रोपात असं एखादं निघतं. माझ्या शंभर रोपांत निघालं नव्हतं.

पाटील सर म्हणाले, "कात्री सर, शिष्य पुढं गेला तुमचा."

जानकाक्का लाजली आणि म्हणाली की सरांनीच दिलेलं हाय. मला मत्सर वाटत होता. साठीच्या जवळ आलेल्या माणसाला एका कुंडीबद्दल वाटू नये इतका वाटत होता.

जुलैमध्ये मी एकटाच तिच्याकडं गेलो. पाऊस कोसळत होता. म्हटलं, "आक्का, छाटायला पाहिजे. न्हाईतर आतनं कुजंल."

"आत्ता? पावसात?"

"पुस्तकात तसंच लिहिलंय."

असं कुठल्याच पुस्तकात नाही. पावसाळ्यात अडेनियमला कात्री लावू नये, ही माझ्याच ग्रुपवरची माझीच सूचना आहे. पण मला माझ्या झाडांच्या गड्ड्यांवर कलमं बांधायला फांद्या पाहिजे होत्या, आणि नुसत्या मागितल्या असत्या तर मी तिच्याकडं मागितल्या हे सगळ्यांना कळलं असतं. तिनं माझ्यासाठी कुंडी दोन्ही हातांनी धरली. मी पाच फांद्या कापल्या. त्या झाडाला होत्याच पाच. कापलेल्या जागी हळद लावायची काय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, लाव नंतर. मला निघायची घाई होती. फांद्या विषारी आहेत, घराजवळ नकोत, वाटेत टाकतो म्हणून सांगितलं, पेपरात गुंडाळल्या आणि डिकीत ठेवल्या.

तीन आठवड्यांनी ती शाळेत माझ्याकडं आली. झाड वरून खालपर्यंत कुजलं होतं.

"माज्याच हातनं काय तरी चुकलं आसंल, सर. तुमी एवड्या पावसात येऊन गेलासा, आन मी घालवलं."

मी म्हटलं, "असू दे आक्का. होतं असं."

त्या वेळी घरी माझी पाच कलमं प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून शेल्फावर उभी होती. पाचातली तीन जगली.

*

जानेवारीत तिन्ही फुलली. नाईक मॅडम घरी आल्या होत्या, बघून थांबल्याच. म्हणाल्या, "अगदी जानकाक्काच्या फुलासारखं. कुठं मिळालं?"

"बेळगावला," माझ्या तोंडातून निघालं. वर मी असंही म्हणालो की तिथं असली खूप मिळतात.

सुनंदा तिथंच होती. ती पेपरातली पुडी तिनं जुलैमध्येच बघितली होती. मॅडम गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "एक कुंडी नेऊन द्या तिला. नुसती ठेवून येऊ नका, सांगून या."

मी दोनदा निघालो. एकदा अर्ध्या वाटेवरून परत आलो, टायरमध्ये हवा कमी वाटली म्हणून. दुसऱ्यांदा दारापर्यंत पोचलो. ती घरी नव्हती. कुंडी पायरीवर ठेवून येता आली असती. पण सांगायचंही होतं ना, म्हणून परत आणली. सुनंदाला हे कारण मी दिलं तेव्हा तिनं हवा भरली का, असं विचारलं.

मग एका रविवारी जानकाक्का स्वतःच आली, पिशवीत कोन घेऊन. पाटील सर आणि नाईक मॅडम आधीच येऊन बसले होते. तिन्ही कुंड्या व्हरांड्यात समोर, फुलांनी भरलेल्या. हलवायला वेळच मिळाला नाही.

पाटील सरांनीच तिला हाक मारली. "आक्का, हे बघ, तुझ्या झाडाचा भाऊ. सरांनी बेळगावातनं आणलाय."

"व्हय?"

तिनं पिशवी खाली ठेवली आणि कुंडीपुढं उकिडवी बसली. फुलाला हात लावला नाही. फांदी गड्ड्याला जिथं जोडलेली असते, तिथं कलमाचा वळ राहतो. त्या वळावरून तिनं अंगठा फिरवला. मग दुसऱ्या कुंडीच्या, मग तिसऱ्या. मी सांगायला तोंड उघडलं. सांगणारच होतो. निदान मला तसं वाटतं.

"झ्याक जगल्यात," ती म्हणाली. मग उठली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मागून आणल्यालं झाड जगत न्हाई म्हणत्यात, सर. चोरून आणल्यालंच जगतंय."

पाटील सरांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे सरांनी नर्सरीत हात मारला म्हण की!"

नाईक मॅडमना हसून ठसका लागला. जानकाक्काही पदर तोंडाला लावून हसली. सुनंदा कोनाची पिशवी उचलून आत गेली.

मीही हसलो.