मुरमाखालचा मुखवटा

ते प्रकरण अजून आठवतं, आणि आठवलं की आधी त्या आठवड्याचा थकवा आठवतो.

महापालिकेच्या हद्दीत तेव्हा नुकतीच काही गावं आली होती. त्यांतलं एक आमच्या पोलीस ठाण्याकडे होतं. रस्त्याच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला संगणक कंपनीच्या इमारतीसाठी सपाट केलेली जमीन. यात्रेला आठ दिवस असताना तिथल्या ग्रामदैवताचा चांदीचा मुखवटा देवळातून नाहीसा झाला. कुलूप तुटलेलं नव्हतं. किल्ली गुरवाकडे. गुरवांची तीन घरं पाळीपाळीने एकेक वर्ष पूजा करत, आणि त्या वर्षीची पाळी याची होती. यात्रेपूर्वी मुखवटा मिळाला नाही तर या घराची पाळी कायमची काढून घ्यायची, असं गावच्या बैठकीत ठरलं. मी गुरवाला अटक केली. न्यायालयाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली.

पन्नाशीचा किडकिडीत माणूस. चौकशीत मी एकच विचारत राहिलो.

“दार कुणी उघडलं?”

“मीच उघडं ठिवलं व्हतं, साहेब. जेवाया घरी गेलो.”

“कुणासाठी?”

“देवळाचं दार हाय. सगळ्यांसाठी.”

“म्हणजे चोरासाठीपण,” हवालदार म्हणाले.



तीन दिवस हेच उत्तर. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो. हा एक शब्द वाढवत नव्हता. ते माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी त्याला निबर समजलो. गावाचा दबाव, वरून रोजचे फोन आणि हाताशी एक आरोपी. अशा वेळी डोकं फार चालवलं जात नाही.

कोठडीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका खबऱ्याने एका डंपरचालकाला ठाण्यात आणलं. कंपनीच्या जागेवर मुरूम टाकायचं काम त्याच्याकडे होतं. मुखवटा गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी त्याला सपाट केलेल्या मुरमावर फावड्याच्या खुणा दिसल्या होत्या, आणि पालखीचे मानकरी तिथून मोटारसायकलवर निघताना दिसले होते. नेमकी जागा सांगता येईना, कारण त्यानंतर त्याने रोलर फिरवला होता. जागा एकरभर. मानकरी गावातलं मोठं प्रस्थ. वस्तू हाती आल्याशिवाय त्यांच्या दाराशी जाणं शक्य नव्हतं.

बॉम्बशोधक पथकाचं यंत्र मंत्र्यांच्या बंदोबस्तात अडकलेलं. ठाण्यातला हातात धरायचा डिटेक्टर अंगझडतीपुरता; जमिनीत त्याचा उपयोग शून्य. वरिष्ठ म्हणाले, “स्वस्तात मिळेल ते घ्या.” मी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत गेलो. दुकानदार वयस्कर. कसलंतरी सर्किट जोडत होते, मान वर केली नाही.

“जमिनीतली वस्तू शोधायचं यंत्र हवंय. स्वस्तातलं.”

“कुठल्या जमिनीत?”

“जमिनीत म्हणजे जमिनीत.”

“अहो, जमीन सगळीकडे सारखी असती तर पुण्यात प्लॉटचे भाव सारखे नसते का? माती की मुरूम?”

“मुरूम.”

त्यांनी तीन यंत्रं काढली. सर्वांत स्वस्त त्यांनी स्वतःच बाजूला सारलं. मुरूम म्हणजे काळ्या खडकाचा चुरा, त्यात लोखंडाचा अंश असतो, आणि यंत्राला तोही धातूच वाटतो, असं त्यांनी समजावलं. मधल्या यंत्राला एक बटण होतं. यंत्राची तबकडी जमिनीजवळ खालीवर न्यायची आणि आवाज एकसारखा राहीपर्यंत बटण फिरवायचं. मग यंत्र जमिनीचा आवाज सोडून देतं आणि उरलेलं ऐकतं. याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात.

“महागडं हे आपोआप करतं. पण आपल्याला हात आहेत,” ते म्हणाले. मी मधलं घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या आवारात, दोन पंचांसमोर, हवालदारांनी फरशीवर नाणं टाकून यंत्राची चाचणी घेतली. बटण बरोबर जुळवलं. मग वीस वर्षांच्या सवयीने त्यावर कागदाची पट्टी चिकटवली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि लाखेचं सील लावलं. उद्या आरोपीचा वकील म्हणायला नको, की यंत्रात फेरफार केला. मीच पंचनाम्यावर सही केली.

कंपनीच्या जागेवर यंत्र पहिल्या पावलापासून ओरडायला लागलं, ते दुपारपर्यंत. आम्ही सतरा खड्डे खणले. खिळे, बांधकामाची तार, एक नाल; बाकी सगळा मुरूम. बघ्यांची गर्दी वाढत गेली. कुणीतरी म्हणालं, “साहेब, आता एवीतेवी हितं कांदं लावा.”

चौकातल्या पीसीओवरून मी दुकानदारांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बटणाला सील? कशासाठी?”

“छेडछाड होऊ नये म्हणून.”

“ते छेडण्यासाठीच दिलंय, साहेब. आपण यंत्राला ठाण्याच्या फरशीची ओळख करून दिलीत आणि मुरमात नेलंत. त्याने ओरडायचं नाही तर काय करायचं?”

परत पंच, परत पंचनामा, सील फोडल्याची नोंद. मुरमावर बटण जुळवलं, तशी गुणगुण एकसारखी झाली. आम्ही पट्टे आखून चाललो. उन्हं कलली तेव्हा कुंपणाच्या कोपऱ्यात आवाज चढण्याऐवजी एकदम खाली गेला. हवालदार म्हणाले, “बिघडलं वाटतं.” मी खाली बसून मुरूम हाताने बाजूला केला. बोटभर थराखाली काळी माती लागली. सगळीकडे मुरूम आणि इथेच माती, म्हणजे कुणीतरी खालपर्यंत खणून उलटीपालटी भर घातली होती. तिथे पुन्हा बटण जुळवलं. या वेळी आवाज स्वच्छ आला. दीड हातावर खताच्या गोणीत गुंडाळलेला मुखवटा मिळाला.

कबूल करायला मानकऱ्यांनी फार वेळ घेतला नाही. पालखीचा पुढचा खांदा त्यांच्या घराण्याचा. त्या वर्षी नव्या सभामंडपाला जागा देणाऱ्याला तो मान द्यायचं गावाने ठरवलं होतं. “मुखवटाच नसता तर पालखी निघाली नसती,” ते म्हणाले. “मग खांदा कुणाचा, हे विचारायचं कारणच नव्हतं.” दर सोमवारी दुपारी ते एकटे पूजेला येत. गुरव त्यांच्यासाठी दार उघडं ठेवून जेवायला जाई. मानकऱ्यांसमोर बसून राहणं म्हणजे त्यांच्यावर पाळत ठेवण्यासारखं, असं मानायचा रिवाज.

मी कोठडीकडे गेलो. “हे आधी का नाही सांगितलं?”

“त्यांचं नाव घिऊन मला गावात राहायचं व्हतं का, साहेब?”

मुखवटा न्यायालयाच्या हुकमाने यात्रेपुरता गावाच्या ताब्यात मिळाला. मानकऱ्यांना जामीन झाला. गावाने ‘चूक झाली, पण मान घराण्याचा’ म्हणून पुढचा खांदा त्यांनाच परत दिला. गुरव सुटला, पण त्याची पाळी दुसऱ्या घराला गेली, कारण दार उघडं ठेवणारा तोच.

यात्रेच्या आदल्या दिवशी तो ठाण्यात आला. त्याला एक कागद हवा होता, चोरी त्याने केली नाही असं लिहिलेला, बैठकीत वाचून दाखवायला. मी त्याला त्याच्या सुटकेच्या अहवालाची नक्कल दाखवली. त्यात छापील वाक्य होतं : आरोपीविरुद्ध पुरेसा पुरावा मिळून आला नाही.

त्याने ते हवालदारांकडून दोनदा वाचून घेतलं. “पुरेसा नाही म्हंजे थोडा हाय, असंच वाचत्याल,” तो म्हणाला.

तुझ्या हातून काही घडलं नाही असं लिहिण्याचा नमुना आमच्याकडे नाही, असं मी सांगितलं. ते खरं होतं. त्याने नमस्कार केला आणि गेला.

नोकरीत मी पुढे बरेच गुन्हे उघडकीस आणले. अटक करण्यापूर्वी माणूस कुणाच्या मेहेरबानीवर जगतो हे विचारायची सवय मला या प्रकरणाने लावली, आणि तिचा उपयोग झाला. पण गुरव कागद मागायला आला त्याच्या दुसऱ्या दिवशी यात्रेच्या बंदोबस्ताला मी त्याच देवळासमोर पाच तास उभा होतो. ध्वनिक्षेपक हाताशी होता. त्यावरून मी वाहनं हलवायला सांगितलं, हरवलेल्या मुलांची नावं पुकारली. गुरव निर्दोष आहे हे सांगायला नमुना लागत नव्हता. तो समोरच, चपलांच्या ढिगाजवळ उभा होता.