दुखायच्या आधीची गोळी

माझ्या थोरल्या जाऊबाई शर्टांच्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर होत्या. तिथे त्यांना सगळ्या ‘डॉक्टरीण’ म्हणत, कारण कुणाचंही डोकं दुखलं की गोळी यांच्या पिशवीतून निघायची. स्वतः तर त्या दुखायच्या आधीच घेत. “मशीनला तेल अडकल्यावर घालतात का? आधी घालतात,” असं म्हणायच्या. आम्हालाही ते पटायचं. तिथेच घात झाला. डोकं रोज उठायला लागलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, ही डोकेदुखी गोळ्यांनीच आणलीय, बंद करा.

बंद केल्यावर उलट्या काय, तळमळ काय, सगळं झालं. मी उशाशी बसून नाम घेत राहिले. हळूहळू दुखणं ओसरलं. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो.

पण जाऊबाई अंथरूण सोडीनात. उगाच रडू यायचं. डॉक्टरांनी मनासाठी गोळी लिहून दिली, तर म्हणाल्या, “एकीने बुडवलं, आता दुसरीच्या नादी लागू?” त्या कुणाचं ऐकेनात.

अशात कारखान्यातून निरोप आला. सोमवारी या, नाहीतर मशीन दुसरीला देतो.

सोमवारी त्या तयार झाल्या आणि चपला घालून दारातच बसल्या.

“दुखतंय का?” मी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“दुखेल.”

माझे थोरले दीर म्हणाले, “डोकं दुखत नाही म्हणून डोक्याला हात लावून बसणारी तूच पहिली.” कुणी हसलं नाही. तेही ओशाळले. “चल, मी येतो सोबत.”

“अहो, दुखायचं तेव्हा काय होतंय ते सांगता तरी यायचं,” त्या म्हणाल्या. पण उठल्या.

फाटकापर्यंत गेल्या. आतून मशीनचा आवाज आला तशी छातीत धडधड सुरू झाली, हातपाय गार पडले. दिरांनी रिक्षात घालून परत आणलं.

दुपारी फोन आला, मशीन दुसरीला दिलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं. आता जायला नको.” मलाही वाटलं, कामाचीच धास्ती होती, आता शांत झोपतील.

सकाळी पाहिलं तर भिंतीला टेकून बसलेल्या, छातीवर हात.

“आता कसली भीती, जाऊबाई?”

“माहीत नाही गं.”

मी एरवी कशालाही ‘देव आहे ना’ म्हणणारी. तेवढंही तोंडातून निघालं नाही. शेजारी बसून राहिले.