कुंकवाचा अहवाल

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. आईला नाही, महाविद्यालयापासूनच्या मैत्रिणीला नाही. आणि ज्या एका माणसाला ती सर्वांत आधी सांगायला हवी होती, त्याला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमचे माझ्याविषयी अजून काहीच मत झालेले नाही. चांगले मत मोडू नये म्हणून माणूस कोणत्या थराला जातो, हे मला स्वानुभवाने ठाऊक आहे — आणि तो अनुभव मुळीच भूषणावह नाही.

मी भौतिकशास्त्र शिकले, मग संगणकांकडे वळले. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळते. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर औषधांचा अंश किती उरला आहे, हे आमच्याकडे तपासतात. यंत्रे मोजतात, आकडे सर्व्हरवर येतात, सर्व्हरवरून दाखला निघतो आणि दाखला निघाला की कंटेनर हलतो. सर्व्हर थांबला तर द्राक्षे थांबतात. आणि ऐन हंगामात द्राक्षे थांबणे म्हणजे काय, हे नाशिकमध्ये कोणालाही समजावून द्यावे लागत नाही.

मी पुराव्याशिवाय बोलत नाही — असे मी पुराव्याशिवाय सर्वांना सांगत असे. कोणी म्हणाले, "आज प्रिंटर रुसलाय," तर मी म्हणे, "प्रिंटर रुसत नाही, कागद अडकतो." डबा खाताना माझ्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी का असे, याचा अंदाज तुम्ही बांधू शकाल. मला मात्र तो बांधता येत नव्हता.

निवृत्तीकाकांचे तसे नव्हते. ते आमच्याकडे विजेच्या देखभालीचे काम पाहत — गाव दिंडोरीकडचे, घरची थोडी द्राक्षबाग, आणि माणसे जोडण्याचा मोठा उरक. दरवर्षी खंडेनवमीला ते पांढरा शर्ट घालून येत आणि प्रयोगशाळेतल्या एकूण एक यंत्राची पूजा करीत. जनरेटरपासून सुरुवात, मग तपासणीची महागडी यंत्रे, लिफ्ट, पाण्याचा पंप, कॉफीचे यंत्र. आणि सर्वांत शेवटी, मानाचा म्हणून, माझा सर्व्हर. एका वर्षी उदबत्तीच्या धुराने आगीचा भोंगा वाजला आणि अख्खे कार्यालय हातात नारळ-पेढे घेऊन वाहनतळावर उभे राहिले. तेव्हापासून उदबत्ती दाराबाहेर, हा नियम मी केला. काकांनी तो निमूट पाळला. पण सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर कुंकवाचे स्वस्तिक आणि रॅकला झेंडूचा हार, यावर ते अडून बसले.

"काका, याला हवा लागते, हार नाही," मी म्हणाले होते.

"हार ढिला बांधतो, मॅडम. वर्षभर राबतंय बिचारं. त्याला बी कळू द्या की आज सण हाय."

मी हात जोडले नाहीत. मी घड्याळ पाहिले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे घडले त्याचे बी तिथे कुठेतरी असावे. की तेही कारण मी आता शोधून काढते आहे? — असो. मुद्द्यावर यायला मी टाळाटाळ करते आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

मुद्दा असा. त्यानंतरच्या हंगामात सर्व्हरमधले नेटवर्कचे कार्ड दगा देऊ लागले. मध्येच जोडणी तुटे, मध्येच परत येई. नवे कार्ड मागवले, आले. त्याच सुमारास आमचे संचालक, देवरे सर, संगणक विभागाला प्रमुख नेमणार अशी बातमी होती. मुंबईहून एक अनुभवी गृहस्थ येणार, असेही कुजबुजले जात होते. ते पद मला हवे होते. किती हवे होते? — घरच्या आरशासमोर मी स्वतःची ओळख त्या पदासह करून देऊन पाहिली होती, इतके.

म्हणून कार्ड बदलण्याचे साधे काम मी प्रात्यक्षिकासारखे मांडले. "चहा येईपर्यंत होईल," असे सरांना सांगितले. सर आले. तपासणी विभागातल्या दोघी आल्या. निवृत्तीकाकाही आले, कारण वीज बंद करायची म्हणजे ते हवेतच. मी सर्व्हर रीतसर बंद केला, मागच्या दोन्ही वायरी काढल्या आणि रॅकच्या रुळांवरून तो खणासारखा बाहेर ओढला. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला — अंगातली स्थिर वीज कार्डाला लागू नये म्हणून. काकांच्या हातातल्या गंड्याकडे पाहून आपण अनेकदा हसलो आहोत, हे मला तेव्हा आठवले नाही. झाकण उघडले.

सर्व्हर चपटा असतो, त्यामुळे कार्ड उभे बसत नाही. ते एका पट्टीत आडवे बसवतात आणि ती पट्टी मुख्य बोर्डवरच्या खाचेत उभी दाबतात. दाबताना ती पूर्ण आत गेली की टक् असा आवाज येतो. तो ऐकायचा असतो. कौशल्य म्हणाल तर एवढेच.

मी तो ऐकला नाही. मी त्या क्षणी स्थिर विद्युतभारावर बोलत होते. वाक्य लांब होते आणि त्यात एक उपवाक्य होते. ते तोलून धरण्याच्या नादात मी पट्टी ठेवली, वरवर दाबली, झाकण लावले, सर्व्हर आत ढकलला आणि वायरी जोडल्या.

सर्व्हर सुरू झाला. पंखे घोंघावले, दिवे लागले. कार्डाचा दिवा लागला नाही. पडद्यावर पाहिले, तर सर्व्हरच्या मते असे कोणतेही कार्ड अस्तित्वातच नव्हते.

चहा आला.

फोन वाजू लागले. बाहेर आमच्यापैकी कोणीतरी फोनवर निर्यातदाराला सांगत होते, "हो हो, गाडी भरलेली आहे ना? पाच मिनिटं धरा." आमच्याकडे पाच मिनिटे हे कालमापन नसून सांत्वन आहे. सरांनी कप खाली ठेवला. "कार्डच खराब आलं का?"

"नसावं, सर. बघते."

पुन्हा वायरी काढल्या, सर्व्हर ओढला, झाकण उघडले — आणि मला ते लगेच दिसले. पट्टीचे एक टोक केसभर वर होते. नव्याने लागलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात मी जी चूक न करण्याविषयी बजावते, नेमकी तीच.

"पट्टी नीट बसली नव्हती, माझी चूक." एवढे म्हणायचे होते. कोणी फासावर देणार नव्हते. सर हसले असते, काकांनी "होतं मॅडम कधीमधी" म्हटले असते. का म्हणाले नाही मी? — खरेच, का? कारण मुंबईचे गृहस्थ. कारण ते उपवाक्य. कारण "प्रिंटर रुसत नाही" असे म्हणणाऱ्या बाईने स्वतः पट्टी अर्धवट बसवलेली नसते. आणि त्याच वेळी, झाकणाच्या पुढच्या कडेला, सांध्यात साचलेली लाल-पिवळी चिमूट माझ्या नजरेला पडली. मागच्या खंडेनवमीची.

"कुंकू," मी म्हणाले.

बस. एवढेच म्हणाले. विज्ञान शिकलेल्या माणसाला हे कळते की सबंध खोट्यापेक्षा अर्धे वाक्य अधिक टिकाऊ असते. उरलेले ऐकणारा स्वतः बांधतो आणि मग ते त्याचे होते. सरांनी बांधले. "म्हणजे — आत गेलं ते?"

"सूक्ष्म कण आहेत, सर. वाहक असू शकतात."

'असू शकतात' — या क्रियापदाचे मला आजही कौतुक वाटते. त्यात केवढी शास्त्रीय सावधगिरी आहे! मग मी ब्रश घेतला, डाव्या हाताने गंभीरपणे झाडू लागले, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने पट्टी दाबली. टक्. तो आवाज लपवण्यासाठी मी खोकले. हो — खोकले. ती चिमूट तिथे तशी साचू न देणे, म्हणजे महिन्याच्या महिन्याला ते झाकण पुसणे, हेही माझेच काम होते, हे सांगून टाकते. आता कशाला ठेवायचे?

सर्व्हर सुरू झाला, कार्डाचा दिवा लागला, दाखले निघाले. तपासणीतल्या एकीने चक्क टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून पाहिले. निवृत्तीकाका स्वतःच्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहत होते; ज्या अंगठ्याने ते कुंकू लावत.

इथे थांबले असते तर ती थाप ठरली असती. पण सरांनी अहवाल मागितला आणि मी तो दिला. 'यंत्रकक्षातील पूजाद्रव्यांमुळे संभवणारे दोष' — भाषा उत्तम, मांडणी निर्दोष, आकृती दोन. परिणाम असा, की यंत्रांजवळ हळद, कुंकू, अक्षता, फुले यांना बंदी झाली. आणि विभागाची प्रमुख मी झाले.

प्रयोग मी नंतर केला. निष्कर्ष आधी, प्रयोग नंतर — आमच्या शास्त्रात या क्रमाला एक नाव आहे आणि ते चांगले नाही. रविवारी घरी आईच्या करंड्यातले कुंकू बशीत घेतले आणि मल्टिमीटरच्या दोन्ही तारा त्यात खुपसल्या. मीटर हलले नाही. दाबून पाहिले, हळद मिसळून पाहिली. वीज जातच नव्हती. कोरडे कुंकू जवळजवळ रबराइतके निरुपद्रवी निघाले. आई दारात उभी होती. "देवाच्या कुंकवात वायरी खुपसतेस? तुझं लग्न ठरत नाही ते उगाच नाही." कार्यकारणभावाची अशी मांडणी मी अन्यथा खोडून काढली असती. त्या दिवशी तोंड उघडण्याचा अधिकार मला नव्हता.

मी ते निरीक्षण कोणालाही कळवले नाही.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीकाका माझ्या टेबलाशी आले. खुर्ची दिली, बसले नाहीत. "मॅडम, लय मोठी चूक झाली माझ्याकडून. माझ्याच माणसांचा माल अडकला असता. तुमी होत्या म्हणून निभावलं."

मी काय म्हणाले, सांगू? म्हणाले, "जाऊ द्या काका. तुम्हाला कुठं माहीत होतं."

मी त्यांना क्षमा केली. मी — त्यांना.

आणि मग ते बाटले. दुसरा शब्द नाही. ब्रश घेऊन प्रयोगशाळाभर हिंडू लागले. पहारेकऱ्याने दुचाकीला लिंबू-मिरची बांधली, तर त्याला म्हणाले, "काढ ते. लिंबात आम्ल असतंय, वायरिंग खाईल." पुढच्या खंडेनवमीला पांढरा शर्ट घालून आले खरे, पण करायला काहीच नव्हते. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जाऊन आले. कोणीतरी टोचले, "काय काका, यंदा देव रजेवर का?" ते हसले. "विज्ञानापुढं आपलं काय चालतंय, बाबा." सर्व्हरच्या खोलीच्या काचेबाहेर थोडा वेळ उभे राहिले आणि हात न जोडताच गेले. मी आतून पाहत होते. दार माझ्याच ओळखपत्राने उघडते. मी उघडले नाही. त्यानंतरच्या खंडेनवम्यांनाही नाही.

यंदाच्या पाडव्याला त्यांनी मला गावी बोलावले. मुलाने नवा ट्रॅक्टर घेतला होता. गेले, तर अंगणात ट्रॅक्टर उभा, भाऊबंद जमलेले, काकू ताट घेऊन तिष्ठत असलेल्या — आणि पूजा थांबलेली. माझ्यासाठी.

"तुमीच का त्या मॅडम?" काकू म्हणाल्या. "बरं झालं आल्या. यांनी माझ्या मिक्सरला बी कुंकू लावू दिलं नाय. आता म्हणतात, टॅक्टरचं मॅडमला विचारून करू."

"विचारलेलं बरं असतंय," काका म्हणाले. "नवं यंत्र हाय. आत कण गेले तर?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. यापेक्षा चांगली संधी मला कोण देणार होते? साक्षीदार होते, सणाचा दिवस होता, आणि ज्याचा अपराध केला तो माणूस समोर उभा राहून मला, अक्षरशः, खरे काय ते विचारत होता. एक वाक्य — त्यात उपवाक्यसुद्धा नको.

मी बॉनेट उघडायला लावले. आत वाकून पाहिले. ट्रॅक्टरच्या इंजिनातले मला काहीही कळत नाही. तरी एका नळीला बोट लावले आणि मान हलवली. मग बॉनेट बंद करून त्याच्या पुढच्या पत्र्यावर एक जागा दाखवली.

"इथे चालेल," मी म्हणाले. "पण थोडंच."

अंगणभर सुटकेचा निःश्वास पसरला. काका मुलाला म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? माहितगार माणूस लागतो." काकूंनी मी दाखवलेल्या जागी, तसूभरही इकडेतिकडे न होऊ देता, कुंकू टेकवले. नारळ फुटला. जेवताना पहिले पान काकांनी माझे वाढायला लावले, आणि मी पुरणपोळी दोनदा मागून घेतली.