रिक्षासकट पाण्यावर: देवास ते दाभोळ, आईच्या गुडघ्याच्या हिशोबाने

ताईला मुलगी झाली त्याला चार महिने झाले, तरी आईने नातीचं तोंड बघितलं नव्हतं. ताईचं सासर कोकणात दाभोळला आणि आम्ही देवासचे. आईचा गुडघा कामातून गेलेला, जिना दिसला की ती आधी त्यालाच नमस्कार करते. ताई फोनवर म्हणायची, "फेरीने या, सोपं पडतं." पण फेरी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे ओंकारेश्वरची नाव, डुगडुगत्या फळीवरून चढायची. बाबा म्हणायचे, "हिला नाही जमणार." हळूहळू ताईने बोलावणंच बंद केलं.

मग मीच म्हटलं, मी रस्ता बघून येतो.

"तू?" आई म्हणाली. "तू बदनावरला निघालास की मांडूला पोचतोस."

खरं आहे, भिया (आमच्या माळव्यात भावाला असंच म्हणतात). पण यावेळी काम पक्कं होतं. आईला झेपेल असा रस्ता शोधून आणायचा.

जाताना घाटाने गेलो. इंदूरहून रात्रभराची पुण्याची बस (मागची सीट घेऊ नका, डोकं छताला लागतं) आणि सकाळी स्वारगेटहून चिपळूणची एसटी. पाटणपर्यंत नुसता ऊस. कोयनेनंतर मात्र झाडं रस्त्यावर वाकायला लागली. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर बस चहाला थांबली, मी कठड्याशी गेलो आणि खाली जमीनच नव्हती! ढग माझ्या पायांखालून चालले होते. ते फाटले की खोल हिरवं, त्याच्याखाली आणखी एक हिरवं, आणि पार तळाला दोऱ्याएवढी नदी. मांडूची दरी बघून आम्ही माळव्याची माणसं स्वतःला पहाडी समजतो. शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला मी मांडूचं सांगत सुटलो. शेवटी कंडक्टर ओरडला, "ओ मांडू! दरी कुठं जात नाही, गाडी जाते!"

उतारावर मी धबधबे मोजायचा प्रयत्न सोडून दिला. पुढच्या सीटवर आईच्या वयाच्या एक बाई दांडीला कपाळ टेकून बसल्या होत्या, मुठीत लिंबू, डोळे गच्च मिटलेले. प्रत्येक वळणाला "देवा, देवा." तिथेच ठरलं. एवढा देखणा रस्ता मी पाहिला नाही, तुम्ही नक्की जा, पण हा आईचा रस्ता नव्हे.

चिपळूणला कुळथाची पिठी आणि भात खाल्ला. पोहे-जिलेबीवर वाढलेल्या पोटाला ती इतकी आवडली की दोनदा मागितली. तिथून एसटीने गुहागर. गुहागरला एक माणूस सरसर माडावर चढत होता. त्याला बघत उभा राहिलो तेवढ्यात धोपाव्याच्या जेट्टीला जाणारी शेअरची सहा आसनी रिक्षा भरून निघून गेली. नाइलाजाने एकट्यासाठी रिक्षा केली. महाग पडली, पण तीच चूक कामी आली.

धोपाव्याला रस्ता सरळ पाण्यात उतरतो. समोरून एक सपाट लोखंडी बोट आली, काठाला लागली आणि तिने तोंडाची फळी खाली टाकली. आतून चक्क एक ट्रक बाहेर आला. मी पिशवी उचलून उतरायला लागलो.

"अहो, बसा की," रिक्षावाला म्हणाला. "उतरता कशाला?"

"रिक्षा पण जाणार?"

"मग काय, रिक्षा इथं ठेवून मी पोहत येऊ?"

रिक्षा आत चढली, साधा गचकासुद्धा बसला नाही. बोट सुटली तसा मी बाहेर आलो. दोन्हीकडे डोंगर पाण्यापर्यंत आलेले. डाव्या हाताला ते अचानक संपतात, खाडी उघडते आणि पुढे समुद्र. मी पहिल्यांदाच बघत होतो. नर्मदा मोठी आहे, पण तिला पलीकडचा काठ आहे. इथे पलीकडे काहीच नाही, नुसता उजेड. माझं तोंड उघडं राहिलं असणार, कारण रिक्षावाला शेजारच्याला म्हणाला, "पावणा नवीन आहे."

रिक्षा थेट ताईच्या अंगणात गेली. ताई पोरीला घेऊन धावत आली. तिने मला बघितलंच नाही, माझ्या मागे रिक्षात वाकून बघितलं.

"आई?"

"मी रस्ता बघायला आलोय," मी म्हटलं.

"मग? दिसला?"

"तुझ्या दारापर्यंत."

तिने पोरगी माझ्या हातात दिली आणि चहा टाकायला म्हणून जी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

परत कोकण रेल्वेने आलो. बोगदा, दरी, बोगदा, पूल. कोणी डोळे झाकतंय आणि पुन्हा उघडतंय असं वाटतं, आणि पोटातलं पाणी हलत नाही. वयस्क माणसं सोबत असतील तर हाच रस्ता धरा. देवासहून रात्रीची मुंबईची गाडी, खालचा बर्थ. मुंबईत गाडी बदलताना स्टेशनातल्या जिन्या-पुलांच्या नादी लागू नका, दुसऱ्या स्टेशनपर्यंत टॅक्सी करा. चिपळूण स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी फेरीसकट दाभोळपर्यंतचं आधीच ठरवा.

घरी आल्यावर हे सगळं आईला सांगितलं. जिना नाही, डुगडुगती फळी नाही. चिपळूणला बसलीस की ताईच्या अंगणातच पाय खाली ठेवायचा. बाबासुद्धा मान डोलवायला लागले.

आई गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती. "म्हणजे बोटीतही रिक्षातून उतरायचं नाही?"

"अजिबात नाही."

"मग मला समुद्र कुठून दिसणार?"

"रिक्षातून थोडा दिसेल. उतरलीस तर गुडघा दुखेल, आई."

"दुखू दे," आई म्हणाली.