पाच मार्कांचा मामा

अरविंदमामा माझा मामा नव्हे. तो पवित्राचा मामा, तिच्या आईचा धाकटा भाऊ. पण आमच्या पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गात सगळेच त्याला मामा म्हणायचे, आणि तोही सगळ्यांचा मामा असल्यासारखाच वागायचा.

बाबांची बदली झाली म्हणून आम्ही निपाणीहून बेंगळूरला आलो. पवित्राचं घराणं मात्र इथलंच, आणि इतकं जुनं की आपले पूर्वज कोणाच्या फौजेबरोबर आले यावर त्यांच्या घरात अजून भांडणं होतात. बोलायची भाषा मराठी, पण तिला जागोजागी कानडीचे टाके. 'स्वल्प मीठ दे' असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंडावर हात ठेवून हसले होते. आता तसं कोणी बोललं की मला माझी सतरा-अठरा वर्षं आठवतात आणि हसू येत नाही.

कॉटनपेटेत तिच्या आजोळचं बटणं, अस्तर आणि साडीचे फॉल विकायचं दुकान होतं. मामाचे वडील, सुब्बाराव, अचानक गेले तेव्हा तो पीयूसीला होता. बायॉलॉजीत नापास झाला, पुन्हा बसायचं म्हणत राहिला आणि दुकानातच अडकला. बुटकासा, कुरळ्या केसांचा, शर्टाच्या खिशावर कायम दोनचार टाचण्या टोचलेल्या. चेहरा असा की रस्त्यात तीनदा भेटला तरी चौथ्यांदा आठवू नये. पण परीक्षा म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. आपली राहून गेलेली परीक्षा तो आमच्या जिवावर देत असे.

पेपर सुटला की आम्ही कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीसमोर जमायचो. झालेल्या पेपरची चर्चा करू नये असं सांगणारे लोक मला कधीच आवडले नाहीत. खरी मजा तर तिथेच होती! हातात तिखट कारा बन, काचेच्या कपाटावर पसरलेली प्रश्नपत्रिका, आणि एकेका प्रश्नावर हाणामारी. पवनकुमार नावाचा एक मुलगा होता, त्याला चुकीचं उत्तर छातीठोकपणे सांगायची विद्या साधली होती. तो बोलला की निम्म्या वर्गाचा चेहरा पडायचा. मग पवित्रा शांतपणे बरोबर उत्तर सांगायची आणि पवनकुमारचा पडायचा. तिचं उत्तर म्हणजे शेवटचा शब्द. माझं उत्तर तिच्याशी जुळलं की मी आणखी एक बन घ्यायची.

एवढ्यात मामा आपल्या टीव्हीएस मोपेडवरून भाचीला न्यायला यायचा. गाडी लावायचा आणि आमच्यात घुसून पहिला प्रश्न टाकायचा, "हे किती मार्काला?"

कुठल्याही गोष्टीची योग्यता त्याच्या लेखी मार्कांवर ठरायची. बेकरीवाल्यानं बनचा आकार लहान केला तर मामा त्याला विचारायचा, "सामी, हा बदल किती मार्काला?" आमच्या आईच्या पहिल्यावहिल्या सांबाराला त्यानं दहापैकी चार दिले, आणि आईनं रागावून दुसऱ्यांदा केलं तेव्हा सात. आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, पण सातची बातमी तिनं बाबांना दोनदा सांगितली.

अशा माणसाशी पवित्राचं लग्न व्हायचं होतं.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चक्क ओरडले. मामाची मुलगी करतात हे मलाही ठाऊक होतं, आमच्या निपाणीत घरोघरी तसं असायचं. पण सख्खा मामाच नवरा? इथे ते चालायचं. शेजारीपाजारी सगळीकडे चालायचं, म्हणून यांच्याकडेही कितीतरी पिढ्या चालत आलं होतं. पवित्राच्या बारशालाच तिच्या आजीनं, भागीरथीबाईंनी, सांगून टाकलं होतं की ही आमच्या अरविंदची. तेव्हा अरविंद हाफपँटीत होता. आता पीयूसीची परीक्षा संपली की सुपारी फोडायची, असं ठरलं होतं.

पवित्राला बीएस्सी करायचं होतं. पण खरं दुःख त्याहून मोठं होतं. एकदा ती मला म्हणाली, "सोनम, मी याच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेलेय गं. माझं नाक यानं पुसलंय. मला हा मामा म्हणून पाहिजे. लग्न झालं की माझा मामा जाईल."

"मग सांग की घरात."

"काय सांगू? मी नको म्हटलं तर भाचीनं मामाला झिडकारलं म्हणतील, त्याला कोण मुलगी देईल? त्यानं नको म्हटलं तर सख्ख्या मामानं टाकलेली पोर, माझ्या आईनं तोंड कुठं दाखवायचं?"

मामाच्या मनात काय होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तो पेपरची वेळ विचारायचा, पेन्सिलींना टोक करून द्यायचा, आणि सुपारीचा विषय निघाला की दुकानात काम आहे म्हणून उठायचा. मला त्याचा संताप यायचा. एवढा बडबड्या माणूस, नेमका इथेच मुका!

शेवटचा पेपर बायॉलॉजीचा होता. रस्त्याकडेची झाडं गुलाबी फुलांनी भरून गेली होती आणि परीक्षा संपल्याच्या आनंदात बेकरीसमोर नुसता गोंधळ चालला होता. पवनकुमारनं वनस्पतीच्या खोडाच्या आकृतीत मुळाची नावं घातली होती आणि तीच बरोबर असं तो शपथेवर सांगत होता. मी त्याला झोडपत होते. मामाही आला होता, बन खात मजा बघत होता.

"बरं, ते सोड," पवनकुमार म्हणाला, "हा बघ, हा मला सगळा आला. जवळच्या नात्यात लग्नं का करू नयेत, उदाहरणासह लिहा. मी तर मामा-भाचीचंच उदाहरण दिलं. पवित्रा, तू कुठलं दिलंस?"

त्या गाढवाला सुपारीचं काही माहीत नव्हतं, त्याचा दोष नाही. पवित्रा हातातल्या बनकडे बघत राहिली.

"मी तो सोडला," ती म्हणाली.

माझा विश्वासच बसेना. सगळ्या वर्गाला हा धडा तिनं शिकवला होता. मलाही तिनंच शिकवला होता, त्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी बसून.

"सोडलास? तू?" मामानं पुढे होत विचारलं. "येत नव्हतं काय?"

"येत होतं."

"मग?"

पवित्रानं मान वर केली नाही. "लिहायला घेतलं, पण हात चालेना, मामा. असं वाटलं, मी तुझी तक्रार करतेय. सरकारकडे."

मामा हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. त्यानं बन कपाटावर ठेवला, बोटं रुमालाला पुसली आणि माझ्याकडे वळला. "सोनम, त्या प्रश्नाचं उत्तर काय गं? मला कळेल असं सांग."

मी सांगितलं. भीडभाड न ठेवता सांगितलं, कारण मला कोणावर तरी राग काढायचाच होता. प्रत्येकाच्या रक्तात एखादा दोष दडलेला असतो, एकटा असला तर तो दिसत नाही. पण नवरा-बायको एकाच घरातले असले तर दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो, आणि बाळाला तो दोन्हीकडून मिळाला की वर येतो. दर वेळी येतो असं नाही. पण येऊ शकतो.

मामानं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "हे किती मार्काला?"

"पाच."

"पाच!" तो म्हणाला. "हा पेपर इथल्याच पोरांना आला की सगळ्यांना?"

"अख्ख्या कर्नाटकाला, मामा. बिदरपासून चामराजनगरपर्यंत."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कुलूप उघडलं की माणसाचा चेहरा होतो ना, तसा. त्यानं प्रश्नपत्रिका उचलली आणि मला म्हणाला, "तूपण चल घरी. आईला इंग्रजी वाचून दाखवायचंय. मी वाचलं तर तिला खरं वाटायचं नाही, मी नापास माणूस."

आम्ही चालत निघालो, मामा मोपेड ढकलत मधे आणि आम्ही दोघी दोन बाजूंना. पवित्रा वाटभर त्याच्याकडे चोरून बघत होती.

भागीरथीबाई दुकानामागच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. पवित्राची आई चुलीशी होती. मामानं चपला काढल्या आणि प्रश्नपत्रिका थेट तांदळाच्या सुपाशेजारी ठेवली.

"अम्मा, परीक्षेत आलंय. मामानं भाचीशी लग्न करू नये म्हणून."

"कोण म्हणतं?"

"बोर्ड म्हणतं. पाच मार्काला."

मी प्रश्न वाचला, मराठीत सांगितला, मग उत्तरही सांगितलं. भागीरथीबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. त्यांचा हात तेवढा तांदळातून फिरत होता.

"सगळ्या पोरांनी लिहिलं हे?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी. आपलीनं सोडून," मामा म्हणाला. "वर्गात पहिली येणारी पोर, आणि माझं नाव खराब होऊ नये म्हणून पाच मार्क सोडून आली."

पवित्राच्या आईनं चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. भागीरथीबाई नातीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी नाही केलं काय मामाशी लग्न? तुझा बाप माझा सख्खा मामाच की. तुम्ही दोघं धडधाकट आहात ना?"

मला लगेच वाद घालायचा होता. तोंड उघडलंही होतं, पण मामानं हातानं मला थांबवलं. तो आईच्या समोर खाली बसला.

"आम्ही दोघं आहोत, अम्मा," तो म्हणाला. "पण आमच्या आधीचा?"

भागीरथीबाईंचा हात थांबला. मला त्या आधीच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. पवित्रालाही नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. पहिला मुलगा. वर्ष-दीड वर्षाचा होऊन गेलेला, कधी मान न धरलेला. मला हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या, "सगळे म्हणाले, मी ग्रहणात सुई धरली म्हणून. माझी सासू मरेपर्यंत तेच बोलत होती." मग स्वल्प थांबून त्यांनी मला विचारलं, "तसं नसतं काय गं ते? सुईचं?"

"नाही, आज्जी," मी म्हणाले. "सुईचा काही संबंध नसतो."

"हेपण आलंय पेपरात?"

पेपरात अर्थातच तसलं काही नव्हतं. पण मामा माझ्याकडे बघत होता, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. "त्याच उत्तरात येतं, आज्जी," मी सांगितलं. आणि एका अर्थी ते खरंच होतं.

त्यांनी पदरानं डोळे पुसले, सूप बाजूला सारलं आणि प्रश्नपत्रिका उचलून, उलटी का सुलटी ते न बघता, कपाळाला लावली. पुस्तकाला पाय लागला की आपण लावतो तशी. "सरी, बरं तर," त्या पवित्राच्या आईला म्हणाल्या, "सुपारी राहू दे. सरकारच नको म्हणतंय तर आपण कशाला करायचं?"

बस, एवढंच झालं. भाचीनं मामाला झिडकारलं नाही, मामानं भाचीला टाकलं नाही. नात्यागोत्यात कोणी विचारलं की भागीरथीबाई ठणकावून सांगायच्या, "परीक्षेत आलंय, पाच मार्काला. तुमच्या पोरांना विचारा." त्या एका प्रश्नानं कॉटनपेटेत आणखी किती सुपाऱ्या अडल्या कोण जाणे. डॉक्टर वर्षानुवर्षं सांगून थकले होते, त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. पण बोर्डाच्या छापील प्रश्नाला उलट उत्तर देणार कोण?

पवित्राचा वर्गातला पहिला नंबर हुकला. त्या एका पेपरात पवनकुमारला तिच्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले आणि त्यानं ते वर्षभर मिरवले, त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. तिनं बीएस्सी केलं. मामानं दुसऱ्याच वर्षी धारवाडकडची बायको केली. तिनं दुकानात रेशमी दोरे ठेवायला सुरुवात केली आणि त्याच्या खिशावरच्या टाचण्या काढून टाकल्या. मला त्या टाचण्यांची उगाच सवय झाली होती.

नव्याण्णव साली पवित्राचं लग्न झालं, दूरच्या घरातल्या चांगल्या मुलाशी. भागीरथीबाई पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. मुहूर्त जवळ आला आणि भटजींनी आवाज दिला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

मी दारातच उभी होते. आतून मामा आला. डोक्याला जरीचा फेटा, स्वल्प वाकडा झालेला, आणि हातात भाचीचा हात. तिला घाई होऊ नये म्हणून तो एकेक पाऊल जपून टाकत होता. सायकलच्या दांडीवर बसवून नेताना असाच नेत असणार. पवित्रा खाली बघून हसत होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

माझ्याजवळ आल्यावर तो क्षणभर थांबला. भटजी पुन्हा ओरडले, तरी त्यानं माझ्याकडे बघून विचारलंच, "सोनम, हे किती मार्काला गं?"

मी हात पुढे करून त्याचा फेटा सरळ केला आणि त्यांना वाट करून दिली.