शेवंतीची गणपतीतली सुट्टी

आमच्या मजल्यावरच्या लवू धुरींनी आयुष्यात टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही. तरीही जोगेश्वरीतल्या वन रूम किचनमधून ते चार टेनिसपटूंचा ताफा सांभाळतात. हे खेळाडू मोबाइलवरच्या एका गेममधले. तिथे ना चेंडू दिसतो, ना मैदान. कोणाला सराव द्यायचा, कोणाला विश्रांती, कोणाला कुठल्या स्पर्धेत उतरवायचं, ते लवूंनी ठरवायचं. मग ठरल्या वेळी कॉम्प्युटर सामना लावतो आणि नुसते आकडे सरकत राहतात. औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यातून निवृत्त झाल्यापासून हा माणूस त्या आकड्यांत रमला आहे.

खेळाडूंना नावं घरातलीच: बायको शेवंती, लेक मानसी, जावई नितेश, मेहुणा सुशांत. त्यामुळे भानगडी होतात. एकदा मालाडहून मानसीचा फोन आला.

"बाबा, नितेशला बाहेर बसवलंत? तो नीट जेवला पण नाही."

"गो, त्याचो खांदो दुखता!"

"कोणाचा?"

"गेममधल्याचो."

"मग तसं सांगा ना त्याला. ऑफिसात सगळ्यांना गेममधलं आपलं नाव दाखवत होता, वाट लागली त्याची."

लवूंचा एक नियम मात्र पक्का. गणपतीत सगळ्या खेळाडूंना सुट्टी. क्रमवारीत घसरगुंडी होते, तरी चालेल. पोलंडमधला एक गडी याच गेममध्ये त्यांच्याशी झुंजतो. ऐन मोसमात तुझा अख्खा ताफा गायब कसा, असं त्याने विचारलं तेव्हा लवूंनी इंग्रजीत कळवलं, "गॉड कमिंग होम." त्यावर त्याने सांत्वनाचा संदेश पाठवला.

यंदा गेममधली शेवंती मोठ्या स्पर्धेत उतरली होती. दुसऱ्या फेरीत हरेल आणि सणाआधी मोकळी होईल, हा लवूंचा हिशेब. पण ती जिंकतच गेली. अंतिम सामना नेमका चतुर्थीच्या दुपारी आला. त्या गेममध्ये खेळाडू म्हातारेही होतात. पुढच्या आठवड्यापासून शेवंतीचं बळ उतरणीला लागणार होतं. इतकी वर्षं घडवलेल्या खेळाडूला एवढी मोठी स्पर्धा जिंकायची संधी पुन्हा मिळणार नव्हती.

मी दर्शनाला गेले, तेव्हा लवू सोवळं नेसून मखरासमोर बसले होते. हातात मोबाइल, चेहरा पडलेला. खऱ्या शेवंतीताई आत मोदकांची उकड मळत होत्या.

"बाई, तुम्हीच सांगा," ते मला म्हणाले. "माघार घेऊन टाकतो. सणाच्या दिवशी घरातली बाई मैदानात, बरं दिसतं काय?"

उकड मळणं थांबलं. शेवंतीताई भरल्या हातांनीच बाहेर आल्या.

"कोण माघार घेता?"

"तू. म्हणजे, ती."

"कित्याक?"

"सणाक विश्रांती नको तिका?"

"तिका विश्रांती!" शेवंतीताईंचा आवाज चढला. "लगीन झाल्यापासून गणपतीत माका कधी बसवलात? भाज्या, वडे, मोदक, आल्यागेल्याचो चाय. आणि ती मोबाइलातली, तिका सुट्टी!"

लवूंनी आधारासाठी माझ्याकडे बघितलं. मी मखराची सजावट बघू लागले.

"ती खेळतली," शेवंतीताई म्हणाल्या, "आणि मी बसान बघतलंय. उठा. नारळ खवायचे आसत."

लवू सोवळ्यानिशी खवणीवर बसले. शेवंतीताईंनी हात धुतले, पंख्याखाली खुर्ची ओढली आणि मोबाइल हातात घेतला.

"स्कोअर काय गो?"

"नारळ बघा. काळा खवू नका."

"पहिलो सेट?"

"गेलो. ती दुसरी बाई लय आगाऊ आसा."

दुसरा सेट आपला झाला. तिसऱ्यात बरोबरी झाली, तशी खवणीची खरखर थांबली. शेवंतीताई खुर्चीच्या कडेवर आल्या. मीही श्वास रोखून त्या आकड्यांकडे बघत होते, आणि मला तर टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही.

"जिंकलंय!" शेवंतीताई ओरडल्या. "मी जिंकलंय!"

लवूंनी ओल्या खोबऱ्याचे हात मखरासमोर जोडले. तेवढ्यात गेमने विचारलं, खेळाडूला विश्रांती द्यायची का?

"दाब, 'हो' दाब!" लवू म्हणाले.

शेवंतीताईंनी बटण दाबलं, पाय समोरच्या स्टुलावर ठेवले आणि खुर्चीत मागे रेलल्या.

"गो, मोदक?"

"उकड तयार आसा. वळा."

लवू खोबरं-गुळाचं सारण परतून वळायला बसले. कळ्या काही पडेनात, पाच-सहा मोदक तर सरळ लाडूच झाले. इतक्यात मोबाइल वाजला. पोलंडच्या गड्याने अभिनंदन केलं होतं आणि विचारलं होतं, गॉड परत गेले का?

"काय लिवू?" शेवंतीताईंनी विचारलं.

"लिव," लवू पिठाचे हात वर धरून म्हणाले, "आसत अजून. जेवचे आसत."