यमुनाबाईंची रजा

यमुनाबाई तीस वर्षांत थोरल्या दिरांशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. भांडण होतं म्हणून नाही हो, रीत होती म्हणून. घराणं मराठी खरं, पण गुरसरायला सात पिढ्या काढल्यावर बुंदेलखंड अंगात मुरणारच. थोरले दीर समोर आले की पदर नाकापर्यंत ओढायचा आणि काय सांगायचं ते दाराआडून, दुसऱ्याच्या तोंडून. धन्य ती रीत!

नवरा विश्वंभर झाशीला मालगाडीवर गार्ड. वर्षाची मोठी रजा घ्यायची ती पितृपक्षात आणि जायचं ते गुरसरायला. सासूबाई सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचं श्राद्ध अविधवा नवमीला. चाळीस पानं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं यमुनाबाईंच्या हातचं. त्यांचं स्वतःचं पान मांडलं जायचं दिवस कलल्यावर, तेही गारढोण. म्हणजे रजा नवऱ्याची आणि राबणं हिचं!

अठ्ठावन्न साली त्यांनी सरळ सांगितलं, यंदा बरुआसागर. तळ्याकाठी आठ दिवस, आणि मी चुलीला हात लावणार नाही. विश्वंभर आधी हसले. मग बायकोचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं दादांना पत्र टाकलं. रेल्वे कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, पितरांच्या दिवसांत कुणी हवा खायला जातं का? यमुनाबाई म्हणाल्या, मी जाते.

घाटाजवळ पार्वती नावाच्या बाईची खोली मिळाली. तिचं आल्याचं शेत होतं. पाऊस सरला होता, तळं काठोकाठ भरलं होतं आणि सिंगाड्याच्या वेली पाण्यावर पसरल्या होत्या. विश्वंभर सिगडीवर रांधायचे. मालगाडीच्या शेपटीला गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्ये जन्मभर तेच केलेलं, त्यामुळे डाळ झकास व्हायची. खोड एकच, लांबून शिट्टी ऐकू आली की खिशातून घड्याळ काढायचे आणि पॅसेंजर किती लेट ते सांगायचे. तिसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी ते घड्याळ ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. मग दोघं पाण्यात पाय सोडून संध्याकाळपर्यंत नुसती बसली. असं त्यांना कुणी कधी बसूच दिलं नव्हतं.

अष्टमीला दुपारी घाटावर टांगा थांबला. गोपाळराव, थोरले दीर, स्वतः आले होते. सवयीनं यमुनाबाईंचा हात पदराकडे गेला. मग तो त्यांनी खाली घेतला.

गोपाळराव तळ्याकडे तोंड करून म्हणाले, "विशू, सामान बांध. उद्या आईची नवमी आहे. हिला सांग, टांगा खडा आहे."

विश्वंभरांनी डाळीतला डाव काढून बाजूला ठेवला. "दादा, ती समोर बसलीय. तुम्हीच सांगा."

तीस वर्षांत असं झालंच नव्हतं. बोलल्या त्या यमुनाबाई, उघड्या तोंडानं.

"भावजी, सासूबाईंना मी यंदा इकडे बोलावलंय. गुरसरायच्या चुलीपुढून त्या उठल्या त्या मरायलाच. त्यांना कुणी रजा दिली नाही. मला तर मागूनही मिळाली नसती, म्हणून मी घेतली. तुम्हीही उद्या थांबा हवं तर. पण मी येणार नाही."

"ठीक आहे जी," एवढंच गोपाळराव म्हणाले, कुणाला ते कळलं नाही, आणि टांग्यात जाऊन बसले. मागे वळून पाहिलं नाही. नाही तर नाही!

नवमीला विश्वंभरांनी तळ्यात उभं राहून आईला पाणी सोडलं. खीरही त्यांनीच केली, थोडी करपली. सवाष्ण म्हणून पार्वतीला बसवलं, तिची ओटी भरली. शेजारीच दुसरं पान मांडून विश्वंभर बायकोला म्हणाले, बस.

यमुनाबाई बसल्या. तीस वर्षांत नवमीचं पान त्यांनी पहिल्यांदाच गरम खाल्लं.